बुधवारचा सूर

नूरुजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सकाळी कोक-बेलहून नारीनला निघालेल्या गाडीत माणसं होती नऊ, तीन तारांचे कोमुझ चार, तळलेल्या बोरसोकांच्या पिशव्या तीन आणि गुंडाळलेला, लोकरीच्या नमद्याचा गालिचा एक. गालिचा मधल्या वाटेत आडवा पडला होता आणि ज्याला त्याला त्याच्यावरून तंगडी टाकून जावं लागत होतं.

“आपा, हा गालिचा आहे की मेलेली मेंढी?” ड्रायव्हरने विचारलं.

“मेंढी असती तर तू तिचंही तिकीट काढायला लावलं असतंस,” कालबुबू म्हणाली. “चल, हाक गाडी. आम्हाला चार वाजता स्टेजवर बसायचंय.”

‘स्टेजवर’ हा शब्द कानावर पडला आणि कोमुझ वाजवणाऱ्या चौघी एकमेकींकडे बघून फिस्सकन हसल्या. सत्तरीला टेकलेल्या बायका, पण शाळेची सहल निघाल्यासारखा सगळा थाट. झुराकानने ओठांना रंग लावला होता आणि लावला नाही म्हणून शपथा घेत होती. सादातला ऐकू जेमतेम येतं, तरी बाकीच्या हसल्या की तीही हसते आणि सगळ्यांच्या शेवटी थांबते. त्या दिवशी ती पहिल्या घाटापर्यंत थांबलीच नाही.

उलकान मात्र हसून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसली. ती या चौघींच्या मंडळाची म्होरकी. वय सहासष्ट, उंची बेताची, आवाज बेताचा, पण कान मात्र असा की शेजारच्या आवारात गाईच्या गळ्यातली घंटा तडकली तर हिला चुलीपाशी बसून कळावं. चौघींचे कोमुझ तिच्या कानाने लागत. तिने मान डोलावली की खुंटी सोडायची, नाही डोलावली तर पिळत राहायचं. या मान डोलावण्यावर कोक-बेलची सगळी लग्नं आणि बारशी पार पडलेली आहेत.

आणि या कानाचीच तिला सहा वर्षं धास्ती वाटत होती. ती धास्ती समजायची तर बुधवारची गोष्ट सांगायला हवी.

त्या काळी टीव्हीला आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीचा असायचा आणि कोक-बेलच्या खोऱ्यात तो बुधवार होता. चारपर्यंत कार्यक्रम नाही. पडद्यावर नुसतं एक मोठं गोल, त्यात चौकटी, पट्ट्या, आकडे, आणि त्याच्यासोबत एकच एक सूर, न थांबणारा, न वरखाली होणारा. टूंऽऽऽ. शहरातल्या माणसांनी टीव्हीची पेटी बंद करून ठेवली असती. कोक-बेलमध्ये ती चालू असायची, कारण फुकट मिळणारी चांगली गोष्ट वाया घालवायची आमची रीत नाही. आणि चांगली गोष्ट म्हणजे तो सूर. खोऱ्यात कोमुझ घरोघरी, पियानो एकही नाही. तेव्हा बायका बुधवारी पेटीसमोर बसून आपले कोमुझ लावून घेत. मधल्या तारेच्या चौथ्या हिश्शावर करंगळी नुसती टेकवायची आणि तार छेडायची. जो बारीक उंच सूर निघतो तो पेटीतल्या सुरात मिसळला की काम झालं. सरकारी सूर होता तो. हजारो मैलांवर बसलेल्या मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तो लावून दिला असणार, मग त्यात खोट कशी असेल? असं आख्खं खोरं धरून चालायचं, आणि धरून चालण्यात आमचा हात कोणी धरू नये.

तो सूर चालू-बंद करणारा माणूस मात्र हजारो मैलांवर नव्हता. तो गावामागच्या टेकडीवर होता. तिथे मनोऱ्याखाली एक खोली होती, खोलीत यंत्रं होती, आणि यंत्रांपाशी तुर्गुनबेक नावाचा लांब मानेचा तरुण होता, ज्याला उलकान आवडायची आणि जो तिच्यासमोर आला की त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे. त्याने एक युक्ती काढली. बुधवारी बरोबर बारा वाजता तो सूर तीनदा तोडायचा. टूं, टूं, टूं. मग पुन्हा सरळ. पहिल्या बुधवारी लोकांना वाटलं बिघाड आहे. तिसऱ्या बुधवारी आख्ख्या खोऱ्याला ठाऊक झालं की हे उलकानसाठी आहे. वरून विचारणा आली, तेव्हा त्याने लिहून दिलं की यंत्र तापतं. वरच्यांनी ते वाचून उन्हाळ्यासाठी एक पंखा पाठवला.

उलकान पेटीसमोर बसून, आईची पाठ वळलेली बघून, मधली तार तीनदा छेडायची. टिंग, टिंग, टिंग.

“त्या पेटीला काय उत्तर देतेस?” आई पाठ न वळवता म्हणायची. “ती नुसती बोलते, ऐकत नाही. लग्न कर त्याच्याशी आणि सोड आम्हाला.”

तिने केलं. लग्नानंतरही बुधवार चुकला नाही. फक्त भांडण झालेलं असलं की त्या आठवड्यात तुर्गुनबेक सूर दोनदाच तोडायचा, आणि मग बाराच्या ठोक्याला सगळ्या गावाला कळायचं. दुकानात, विहिरीवर, दवाखान्याच्या रांगेत बायका उलकानला गाठायच्या: “आज दोनच? काय गं केलंस त्या गरिबाला?” असं चौतीस वर्षं चाललं. पुढे चोवीस तास कार्यक्रम आले, शंभर वाहिन्या आल्या, पण टेकडीवरचं जुनं यंत्र बुधवारी आपलं गोल लावून बसायचं, कारण ते बंद करायचा कागद कोणी पाठवलाच नव्हता. सहा वर्षांपूर्वी तो कागद आला. त्याच हिवाळ्यात आधी मनोरा गप्प झाला आणि मग तुर्गुनबेक.

तेव्हापासून उलकान आठवणीने सूर लावत होती. कोमुझच्या तारा म्हणजे आताशा मासे धरायची नायलॉनची दोरी. थंडीत आखडते, उन्हात सैल पडते, तिच्यावर भरवसा काय ठेवणार. भरवसा सगळा कानावर. दर बुधवारी बारा वाजता ती डोळे मिटून बसायची, तो सूर मनात वाजेपर्यंत थांबायची आणि मग खुंटी पिळायची. पण मनातला सूर खरा की मनानेच रचलेला, हे कोणाला विचारणार? माणसाचा चेहरा फोटोत राहतो. त्या सुराचा फोटो नव्हता. तो थोडा जरी सरकला असेल, तर नवऱ्याची म्हणून आपण रोज कवटाळतोय ती वस्तू भलत्याच कोणाची आहे, एवढाच विचार तिला होता आणि तो ती कोणाला सांगत नव्हती.

“तोंड का पाडलंस?” झुराकानने विचारलं. “स्टेजवर फोटो काढतात म्हणे.”

“तुझ्यासारखे ओठ रंगवायला विसरले ना, म्हणून.”

“रंगवलेले नाहीत म्हणतेय ना मी!” आणि पुन्हा चौघी हसत सुटल्या.

नारीनच्या सभागृहात नुसती जत्रा होती. जिल्ह्यातल्या गावागावांतून साठ-सत्तर कोमुझवाले आले होते, कारण शेवटच्या मोठ्या वादनात सगळ्यांनी मिळून एकच कुई, म्हणजे धून, वाजवायची होती. कोणी चहा ओतत होतं, कोणी हरवलेला नातू शोधत होतं. कालबुबूने थेट स्टेजवर जाऊन मागच्या भिंतीला गालिचा टांगला आणि दोरी सोडली.

सगळं सभागृह वर बघायला लागलं.

गालिच्यावर ते बुधवारचं गोल होतं. जसंच्या तसं, चौकटींसकट, कोपऱ्यांतल्या छोट्या गोलांसकट. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात कालबुबूने ते पेटीसमोर बसून नमद्यातून कापलं होतं. फुलं बघून नक्षी काढायची तर फुलं सुकतात, मेंढीचं शिंग बघून काढायची तर मेंढी हलते. हे मात्र चारपर्यंत हलत नसे. अडचण एकच होती, तिची पेटी काळीपांढरी होती. तेव्हा पट्ट्यांचे रंग तिने आपल्या मनाने भरले: जांभळा, विटकरी, पोपटी आणि नणंदेच्या झग्यातून उरलेला गुलाबी. मंडळाचं नावही त्यावरूनच पडलं, तेगेरेक, म्हणजे गोल.

“हे ते...” पुढच्या रांगेतला एक टोपीवाला म्हातारा उठून उभाच राहिला. “हे ते नाही का, ते... चार वाजेपर्यंतचं?”

“तेच ते,” कालबुबू म्हणाली.

“पण रंग चुकलेत.”

“तुमची पेटी चुकलेली असेल.”

तालीम सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला थांबली. सगळ्यांना हाताखाली घेऊन वाजवून घेणारी दमिरा ओस्मोनोव्ना पंचेचाळिशीची होती, हातात बारीक काठी, नाकावर चष्मा. तिने काठी खाली केली, कान टवकारला आणि रांगेरांगेतून चालत चौघींपाशी येऊन थांबली. तिच्या मागोमाग मेलिस आला. मेलिस बायान वाजवायचा, म्हणजे छातीवर बांधायची ती मोठी भात्याची पेटी, आणि आपला बायान म्हणजेच संगीत, अशी त्याची पक्की समजूत होती.

दमिराने कोमुझच्या डोक्याला एक छोटं यंत्र चिकटवलं. “छेडा, आपा.” मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला आणि चौथ्याला. काटा चारही वेळा त्याच जागी जाऊन उभा राहिला.

“तुमचे कोमुझ चढलेत,” ती म्हणाली. “अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाने. आणि गंमत म्हणजे चौघींचे अगदी सारखे. एखादीचा असता तर समजलं असतं. कशावरून लावता?”

“उलकानच्या कानावरून,” झुराकान छाती पुढे काढून म्हणाली. “आणि तिचा कान टीव्हीवरून.”

मेलिस मोठ्याने हसला. “टीव्हीवरून सूर? मग नाच कशावरून बसवता, कपडे धुण्याच्या मशीनवरून?”

“आमचा सूर बरोबर आहे,” झुराकान म्हणाली. “तुमचं नारीन उतरलंय.”

आजूबाजूचे हसले. दमिराही हसली, पण काठी हातावर आपटत म्हणाली, “आपा, साठ जणांत चार कोमुझ वेगळे वाजले की सगळी कुई खरबरीत होते. एक तर खाली उतरवा, नाही तर हातात धरून बसा आणि नुसती बोटं हलवा. मागच्या रांगेत कोणाला कळत नाही.”

“नुसती बोटं हलवा?” कालबुबू म्हणाली. “एवढ्या बर्फातून गालिचा ओढत आणला तो बोटं हलवायला?”

उलकानने आपला कोमुझ मांडीवर घेतला. तिने काटा पाहिला होता. यंत्र खोटं बोलत नाही, तुर्गुनबेक नेहमी म्हणायचा. माणूस खोटं बोलतो, यंत्र फार तर तापतं. म्हणजे सहा वर्षांत तिचा कान सरकला होता. एकदम नाही, दर बुधवारी केसभर, आणि तिच्यामागोमाग बाकीच्या तिघी. जो सूर ती नवऱ्याचा म्हणून धरून बसली होती तो कधीच निसटला होता आणि तिला पत्ताही नव्हता. तिने खुंटी सैल केली. काटा मधोमध आला. दमिराने मान डोलावली, मंडळाच्या म्होरकीला कोणी तरी मान डोलावून दाखवावी अशी वेळ आली. कालबुबू आणि झुराकाननेही धुसफुसत खुंट्या फिरवल्या. सादात शेजारच्या गावच्या बाईला बोरसोक देत होती.

सगळे चहाला गेले. उलकान स्टेजच्या पायरीवर बसून राहिली. कालबुबू दोन पेले घेऊन आली.

“माझा कान गेला गं,” उलकान म्हणाली.

“गेला तर गेला. माझे गुडघे गेलेत, मी रडतेय का?”

“गुडघे तुझेच होते. हा सूर त्याचा होता.”

  कालबुबू शेजारी बसली आणि तिने आपल्या चहातला साखरेचा खडा उलकानच्या पेल्यात टाकला. उलकानच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं.

सभागृहाच्या मागे, आवाजाच्या टेबलापाशी, कुबानिच नावाचा एक साठीचा माणूस वायरी गुंडाळत होता. स्टेजवरचे माइक चालूच आहेत हे या दोघींच्या ध्यानात नव्हतं, आणि त्याच्या कानांवर ऐकायची यंत्रं होती. तो वायर खांद्यावर टाकून पुढे आला.

“एजे, ताई, रागावू नका, मी सगळं ऐकलं. कोणता सूर म्हणालात? गोलाबरोबर वाजायचा तो?”

“तोच. तू कुठे ऐकलास?”

“ऐकला म्हणजे? फौजेत दोन वर्षं मी तोच वाजवत होतो.” कुबानिच हसायला लागला. “एजे, अहो तो सूर नव्हताच मुळी! तो आकडा होता. सेकंदाला हजार कंपनं. मोजायला सोपं म्हणून हजार. संगीताशी त्याचं काही देणंघेणं नाही, दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो तो. तुम्ही त्याच्यावर कोमुझ लावायचा?”

“सगळं खोरं लावायचं,” कालबुबू म्हणाली.

“मग सगळं खोरं चढलेलंच असणार की!” त्याने मांडीवर थाप मारली. “किती म्हणाली ती दमिरा? पाचवा हिस्सा? तेवढंच यायला हवं. त्याहून कमी आलं असतं तर तुमचा कान बिघडला म्हणालो असतो.”

उलकान उभी राहिली. पेला सांडला. “तुला काय ठाऊक? पुरावा काय?”

“पुरावा माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक आवाजाच्या टेबलाला त्याचं बटण असतं, स्पीकर तपासायला. थांबा.” आणि तो रांगांमधून धावत मागे गेला. साठीच्या माणसाने एवढं धावू नये, पण तो धावला.

टूंऽऽऽ.

आठ स्पीकरांतून तो सूर सभागृहात आला आणि चहाच्या खोलीपर्यंत गेला. आधी तिथला गलका थांबला. मग दारात माणसं यायला लागली, हातात पेले तसेच. तरुणांनी कानांवर हात ठेवले. पन्नाशीच्या पुढचे मात्र एकही अक्षर न बोलता येऊन खुर्च्यांवर बसले आणि स्टेजकडे, त्या गालिच्याकडे बघत राहिले. टोपीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणी काही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते सगळे पुन्हा चार वाजायची वाट बघत होते.

उलकानने आपला कोमुझ उचलला आणि तिला आठवलं की तो तर आपण उतरवून ठेवलाय. कालबुबूचा उतरवलेला. झुराकानचा उतरवलेला.

“सादात!” ती ओरडली. “तू खुंटी फिरवलीस का?”

“बोरसोक? संपले!” सादात म्हणाली.

तिला दमिराचा हुकूमच ऐकू आला नव्हता. उलकानने तिच्या हातातून कोमुझ जवळजवळ हिसकावला, मधल्या तारेच्या चौथ्या हिश्शावर करंगळी टेकवली आणि छेडली.

सूर जुळला नाही की दोन्हींच्या मध्ये एक थरथर ऐकू येते. उलकान त्या थरथरीची वाट बघत होती. ती आलीच नाही. तारेचा सूर स्पीकरच्या सुरात गेला आणि कुठे गेला ते कळेना. तिने पुन्हा छेडली. पुन्हा तसंच. सहा वर्षांत तो सूर केसभरही हलला नव्हता.

“जुळला!” झुराकान किंचाळली. “अगं बाई, जुळला! मी म्हटलं नव्हतं, नारीन उतरलंय!” तिने कालबुबूला मिठी मारली, तिच्या गालावर लाल ओठ उमटले आणि सकाळपासूनच्या शपथांचा निकाल लागला. उलकान सादातचा कोमुझ छातीशी धरून रडत होती आणि हसत होती, आणि सादात काही न कळता सगळ्यांहून मोठ्याने हसत होती.

दमिरा स्टेजच्या कडेला उभी होती. तिने चष्मा काढला होता.

“मी सहा वर्षांची होते,” ती म्हणाली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. “आई फार्मवर जायची. घरात मी एकटी आणि हे गोल आणि हा आवाज. मला भीती वाटायची. तरी मी बंद करायची नाही. बंद केलं तर घरात कोणीच नाही असं होईल.”

“ये, बस,” उलकान तिला म्हणाली, आणि दमिरा ओस्मोनोव्ना काठीसकट तिच्या शेजारी पायरीवर बसली.

खाली रांगांमध्ये एव्हाना भलतंच सुरू झालं होतं. कोणाच्या सांगण्याची वाट न बघता म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपापले कोमुझ काढले होते आणि करंगळ्या टेकवून त्या सुराला लावत होते. इकडे टिंग, तिकडे टिंग. त्यांचं बघून तरुणांनीही खुंट्या पिळायला घेतल्या. केसभर चढवायचं, नायलॉनच्या दोरीला त्यात काय मोठं. दहा मिनिटांत साठ कोमुझ कोक-बेलच्या बुधवारावर आले.

“आणि माझं काय?” मेलिस ओरडला. “बायानला खुंट्या नसतात! मला चढता येत नाही!”

दमिराने तोंड उघडलं, पण झुराकान आधी बोलली. “हातात धरून बस, बाळा, आणि नुसती बोटं हलव. मागच्या रांगेत कोणाला कळत नाही.”

सभागृह इतकं हसलं की दमिराला काठी आपटून शांत करावं लागलं, आणि ती स्वतःही हसत असल्यामुळे काठी धड आपटेना. शेवटी मेलिसला डमरूएवढा एक ढोल मिळाला. तो त्याने अपमानाने घेतला आणि फार छान वाजवला, हेही सांगायला हवं.

कार्यक्रमाच्या आधी उलकान मागच्या टेबलापाशी गेली. आपल्या वाटचे राखलेले दोन बोरसोक तिने रुमालातून काढून कुबानिचपुढे ठेवले.

“भाऊ, चार वाजायच्या आधी सूर देशील ना, सगळ्यांना लावायला?”

“देणार की.”

“मग जाता जाता तो तीनदा तोडशील?”

“तोडीन,” तो म्हणाला. का, ते त्याने विचारलं नाही. माइक दुपारपासून चालूच होते आणि चहाच्या खोलीत कालबुबूचं तोंडही.

चारला पाच मिनिटं असताना पडदा वर गेला. मागे जांभळ्या-पोपटी पट्ट्यांचं ते गोल, पुढे साठ कोमुझ, मधोमध तेगेरेकच्या चौघी. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. कोक-बेलची पंधरा-वीस माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसली होती, सकाळच्या गाडीचा ड्रायव्हरही त्यांच्यात होता. दमिराने मागे बघून मान हलवली. सूर आला आणि साऱ्या करंगळ्या तारांवर टेकल्या.

मग तो तुटला. टूं. टूं.

आणि तिसरा आलाच नाही.

एक क्षण गेला, दोन गेले. कुबानिच मागे वाकून काहीतरी चाचपडत होता. बोरसोकाचं तूप बोटांना लागलं होतं आणि बोट बटणावरून घसरलं होतं, पण ते स्टेजवरून दिसत नव्हतं. कोक-बेलच्या कोपऱ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला: “दोनच? उलकान, काय गं केलंस त्याला?”

कोपरा खो-खो हसत सुटला. उलकानने आधी मागच्या टेबलाकडे पाहिलं, मग तिला कळलं की दोनच बरोबर आहेत. दुपारी ती त्याच्यावरच तर अविश्वास दाखवून बसली होती. यंत्र खरं आणि तू खोटा, असं म्हणून खुंटी सैल केली होती. रागावणारच तो. चौतीस वर्षं रागावला तसाच.

“चुकलं माझं,” ती माइकसमोर म्हणाली, सगळ्यांदेखत. “आता पुरे की.”

टूं.

तिने मधली तार छेडली. टिंग, टिंग, टिंग. चौतीस वर्षं ती हे पेटीसमोर बसून करत आली होती आणि पेटी ऐकत नव्हती. आज माइकने ते उचललं, कुबानिचच्या कानांवरच्या यंत्रांत नेलं, आठही स्पीकरांतून काढलं आणि सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचवलं.

दमिराने काठी वर केली. चार वाजले होते. कार्यक्रम सुरू झाला.